कूस पालटून देणारी खाट

मित्रांनो, खाट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चार पाय, एक गादी आणि एक उशी येत असेल. हे सगळे माझ्याकडेही आहे. पण ज्या माणसाला आपल्या अंगाने कूस पालटता येत नाही, त्याला मी ती पालटून देते. आज मी पार जुनी झाले आहे. माझा रंग जागोजागी उडाला आहे, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवल्याशिवाय मी डुगडुगायची थांबत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ खाटा पुढे निघाल्या. त्या सगळ्यांत थोरली मी. एका घरातल्या बाईला झोप मिळत नव्हती, म्हणून माझा जन्म झाला.

ते घर एका कारखान्याच्या डोक्यावर होते. खाली दुकानांची लोखंडी शटरे बनत आणि वर दोन खोल्या होत्या. कारखाना ताईचा. वडिलांच्या मागे तिनेच तो चालवला होता. हातात पाना, केसांत लोखंडाचा कीस, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याने दोन पावले मागे सरावे. वरच्या पुढच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ आणि भावजय राहत. भाऊ घरे रंगवायचा. उंच इतका की छताला रंग द्यायला त्याला साधे स्टूल पुरे, म्हणून सगळे त्याला 'शिडी' म्हणत. एकदा तो एका इमारतीची बाहेरची भिंत रंगवत होता आणि खरोखरीच्या शिडीवरून खाली आला. जीव वाचला, पण मानेखालचे अंग गेले. उजव्या हाताची दोन बोटे तेवढी हलत. छातीत जोर न उरल्यामुळे आवाजही बारीक झाला. भेटायला आलेल्यांना तो सांगे, "काही विशेष नाही हो. शिडीवरून शिडी पडली." लोकांना हसावे की नाही ते कळत नसे. मग तोच आधी हसे.

डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावले होते की ह्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, दिवसा आणि रात्रीही, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्या जखमाच ह्याला नेतील. हे काम भावजयीच्या वाट्याला आले. घरात सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. वहिनी अंगाने लहानखुरी, आणि नवरा हा एवढा लांब. ती त्याच्या खांद्याखाली आपला खांदा घालायची, दात आवळून जोर लावायची, मग उठून त्याचे पाय एकेक करून वळवायची, मग पाठीशी उशा लावायची. तोवर पुढच्या वेळेची धास्ती सुरू. महिनोन्‌महिने तिच्या डोळ्याला सलग डोळा लागला नव्हता. एकदा शेगडीपाशी उभ्या उभ्याच तिला डुलकी लागली आणि उकळते पाणी हातावर सांडले. इतके करूनही शिडीच्या माकडहाडापाशी एक जखम झालीच.

तेव्हा ती ताईकडे गेली. भाजलेला हात पदरात धरून म्हणाली, "ताई, मला एक रात्र झोपू द्या. एकच."

त्या रात्री ताईने भावाला वळवले. सकाळी तिच्याच्याने कमरेत सरळ उभे राहवेना. ती तशीच वाकडी होऊन म्हणाली, "खाली मी एका हँडलने अख्ख्या दुकानाचं शटर वर चढवते. आणि इथे एका माणसाला वळवायला आम्ही दोघी कमी पडतो? हे काही बरोबर नाही."

इथून माझी गोष्ट सुरू होते.

पहिल्या खेपेला ताईने शटरचीच युक्ती लढवली. माझ्या दोन्ही कडांना दोन लांब नळ्या बसवल्या आणि त्यांवर जाड कापड गुंडाळले. एका बाजूचे हँडल फिरवले की कापड तिकडे ओढले जाई आणि त्याबरोबर शिडीही वळे. वहिनीने हँडल फिरवले, शिडी कुशीवर झाला, आणि ती हात जोडून उभी राहिली. पण आठवड्याभरात त्याच्या पाठीचे कातडे लाल झाले, मग सोलवटले. ताईने कापड बदलले. मऊ आणले, गुळगुळीत आणले, त्यावर पावडर टाकली. कातडे सोलवटतच राहिले. ताईने पाना आपटला.

"तू माझ्यावर शटर बसवते आहेस," शिडी म्हणाला. "शटरला कातडी नसते, ताई."

"मग काय करू ते तरी सांग!"

"मी सांगून तुला नाही कळणार. तू झोप इथे."

त्याला खुर्चीत बसवून पट्ट्याने बांधले आणि माझ्यावर ताई निजली. "हात हलवायचा नाही. मान उचलायची नाही. तुझं अंग तुझं नाही असं समज," तो खुर्चीतून सूचना देत होता. वहिनी हँडल मारू लागली. ताई थोडी वळली, तिचा कान कापडात अडकला आणि ती किंचाळली. वहिनीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी असे हसले होते. शिडीने मात्र हँडल थांबवू दिले नाही. अर्धा दिवस त्याने ताईला इकडून तिकडे वळवून घेतले. शेवटी ती उठून बसली तेव्हा तिच्या टाचा आणि कोपरे चुरचुरत होती.

"कळलं," ती म्हणाली. "ओढायचं नाही. खालून उचलायचं."

ताईने मला पुरते मोडले. माझी पाठ मधोमध उभी चिरून तिचे दोन भाग केले आणि ते मधल्या बिजागऱ्यांवर बसवले. आता हँडल फिरवले की आधी दोन्ही कडा थोड्या वर येत आणि माणूस मधल्या खोलगट भागात नीट बसे. मग एक कड हळूहळू खाली जाई, दुसरी वर चढे, आणि माणूस कुशीवर होई. कुठे ओढ नाही, कुठे घासणे नाही. गादीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबा अर्धवट हवा भरून आडव्या लावल्या. ती कल्पना वहिनीची. हँडल इतके हलके झाले की वहिनी एका हाताने ते फिरवी आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारी. हळूहळू माकडहाडाची जखम भरली. ज्या दिवशी तिच्यावरची शेवटची पट्टी निघाली, त्या दिवशी ताईने माझ्या पायावर थाप मारली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

जखमेची पट्टी बदलायला एक नर्सबाई येत असत. त्यांनी मला वाकून खालून पाहिले, वरून पाहिले, स्वतः हँडल फिरवले. "ही कुठून आणलीत?" त्यांनी विचारले. ताईने जमिनीकडे बोट दाखवले. नर्सबाईंना वाटले की ही चेष्टा करते आहे. खरे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मी ज्या घरांत जाते ना, तिथे प्रत्येक घरात एक वहिनी आहे. त्यांच्यासाठीही बनवा."

मग खाली शटरांच्या शेजारी खाटा बनू लागल्या. पण घोडे लवकरच अडले. लोक येत, बघत, हळहळत आणि परत जात. एवढी मोठी खाट न्यायची कशी, ठेवायची कुठे, आणि आजारी माणूस बरा झाला किंवा गेला तर तिचे करायचे काय? ताईला ह्याचे उत्तर सुचेना. ते वहिनीला सुचले. ती म्हणाली, "अख्खी खाट कशाला देता? प्रत्येकाच्या घरी खाट असतेच. तिच्यावर ठेवायची नुसती चौकट बनवा. आणि विकू नका. भाड्याने द्या. गरज संपली की परत." ताईने तिच्याकडे असे पाहिले, जणू ही बाई आज पहिल्यांदाच घरात आली आहे.

धंदा चालू लागला, आणि लोक त्या चौकटीलाही खाटच म्हणू लागले. नवी चौकट तयार झाली की आधी वर यायची, माझ्या पाठीवर चढायची, आणि तिच्यावर शिडीला निजवायचे. तो डोळे मिटून पडे. "डाव्या खांद्यापाशी टोचतंय." "हिची बिजागरी रागावल्यासारखी बोलते, ग्रीस घाला." त्याने हो म्हटल्याशिवाय एकही चौकट बाहेर जात नसे. "ह्या कारखान्यातला सगळ्यांत आळशी कामगार मी," तो म्हणे. "झोपून काम करतो, वर चुका दुसऱ्यांच्या काढतो." त्या दिवसांत त्याचा चेहरा उजळलेला असे. माझेही दिवस चांगले होते. मित्रांनो, ते फार नव्हते.

दवाखान्यांना सामान पुरवणारा एक दुकानदार एके दिवशी वर आला. भला माणूस होता. त्याने शिडीची विचारपूस केली, मग मला बघून म्हणाला, "सगळं उत्तम आहे. पण हँडल फिरवायला माणूस लागतो. मोटर बसवा. वेळ लावून ठेवली की खाट आपोआप वळेल. मग मी तुमची खाट मोठ्या दवाखान्यात पोचवतो."

तो गेला. ताईच्या डोळ्यांत तोवर मोटर फिरू लागली होती. मोटर कुठे बसेल, पट्टा कुठून जाईल, ती मनात जुळवत होती.

शिडी म्हणाला, "हँडल मारायला कुणीतरी येतं. तेवढंच तोंड दिसतं."

वहिनी खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "हँडल मारायला मीच येते," ती म्हणाली. "दर दोन तासांनी. हँडल हलकं झालं, पण रात्र हलकी नाही झाली. मला अजून गजर लावून झोपावं लागतं. गजर वाजला की पहिल्यांदा मला तुमचा राग येतो. मग माझा राग येतो. रोज."

असे ती त्याच्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती. तिने घडी घातलेले कापड उगाचच पुन्हा उलगडले.

शिडीने मान ताईकडे वळवली. मग म्हणाला, "ताई, बसव मोटर."

"तुला नको असेल तर—"

"बसव म्हटलं ना. हिला झोपू दे."

मला मोटर बसली. ठरल्या वेळी ती घुरघुरे, माझी एक कड वर चढे, आणि काम होई. शिडीच्या दोन बोटांपाशी ताईने एक घंटीही बसवली. ती दाबली की खाली कारखान्यात वाजे. त्या रात्री वहिनी झोपली ती सकाळी उन्हे अंगावर आल्यावर उठली. घाबरून धावत आली, तर शिडी छान कुशीवर. "घोरतेस हां तू," तो म्हणाला. "हे मला आजवर माहीतच नव्हतं."

पुष्कळ घरांत अशीच सकाळ झाली असेल. मोटरच्या खाटांना मागणी वाढली. ताईने शटरांचे काम कमी केले, दोन वेल्डर ठेवले. वहिनी खाली जाऊ लागली. आधी ट्यूबा लावायला, मग मापे घ्यायला, मग गिऱ्हाइकांशी बोलायला. तिचे बोलणे लोकांना पटे, कारण ती ज्याबद्दल बोले ते तिने भोगले होते. तिच्या गालांवर रंग आला. ती जिना चढताना गुणगुणू लागली. पण ती जिना चढे पूर्वीपेक्षा कमी वेळा. सुरुवातीला मोटर घुरघुरली की ती नुसतीच डोकावून जाई. मग जेवणाच्या वेळी येऊ लागली. घाईत येई, एक घास त्याला भरवी आणि एकीकडे दारातून खाली कुणाला तरी ओरडून काही सांगे. ताई तर संध्याकाळशिवाय दिसत नसे. नव्या चौकटींना आता वर यायची गरज उरली नव्हती. सगळ्या एका मापाच्या, एका साच्याच्या. शिडीने हो म्हणण्यासारखे काही राहिले नाही.

दोघींनी त्याला टाकले होते, असे मी म्हणणार नाही. तो स्वच्छ होता, त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती, चादर रोज बदलली जात होती. नर्सबाई तर म्हणत की असा नीट ठेवलेला रुग्ण मी पाहिला नाही. मात्र खोलीत दिवसभर कुणी नसे. मी त्याला भिंतीकडे वळवी, तो भिंत बघे. मी त्याला दाराकडे वळवी, तो दार बघे. घंटी तो क्वचितच दाबी. एकदा ताईने विचारले, "घंटी का नाही वाजवत रे?" तर म्हणाला, "वाजवून सांगू काय? भिंत अजून तिथेच आहे म्हणून?"

मग मोठ्या दवाखान्याची मागणी आली. गाडी भरायच्या दिवशी सकाळी वहिनीने त्याच्या कपाळाला हात लावला. खोकला दोन दिवसांपासून होताच.

"अंग तापलंय तुमचं. नर्सबाईंना फोन करते."

"कर. पण आधी ती गाडी भर. गाडीवाला काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"तुम्हाला एकटं ठेवून?"

"मी कुठे पळून जातोय?"

तिला हसू आले. तिने त्याला तापाची गोळी दिली, फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, संध्याकाळी येऊन बघते. मग ती खाली गेली.

दुपारी त्याचा खोकला छातीतच अडकू लागला. मोठ्याने खोकायला अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. त्याने घंटी दाबली. खाली लोखंड कापायचे यंत्र चालू होते, गाडीवाला हॉर्न मारत होता. तरी ताईने ती ऐकली. "आलेच रे! दोन मिनिटं!" तिचा आवाज जिन्यातून वर आला. ती खरेच येणार होती. पण तेवढ्यात एक चौकट गाडीच्या फळीत तिरपी अडकली. ती सोडवायला सगळे धावले, आणि दोन मिनिटांचे किती झाले ते कुणाला कळले नाही. शिडीने घंटी पुन्हा दाबली नाही. त्याला दाबता आली नाही की दाबायची नव्हती, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

ठरल्या वेळी मोटर घुरघुरली. मी त्याला दाराकडून भिंतीकडे वळवले. मित्रांनो, माझ्या ट्यूबांमध्ये हवा असते, आणि निजलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर ती किंचित हलते. माणूस जागा आहे, झोपला आहे, रडतो आहे, हे मला त्यावरून कळते. ती हवा हळूहळू मंदावली आणि मग हलेनाशी झाली. पण मोटरला हे कोण सांगणार? पुढची वेळ आली तेव्हा मी त्याला दाराकडे वळवले. त्यानंतरची वेळ आली तेव्हा पुन्हा भिंतीकडे.

संध्याकाळी, नर्सबाई यायच्या आधीच, वहिनी वर आली. तिच्या हातांना ग्रीस लागले होते आणि चेहरा थकव्याने व आनंदाने फुलला होता. "गेली हो गाडी!" ती दारातूनच म्हणाली. शिडी पाठमोरा होता. तिला वाटले, त्याचा डोळा लागला आहे. ती आवाज न करता स्टूल ओढून बसली आणि हलक्या आवाजात सांगू लागली. चौकट कशी अडकली, ताईने गाडीवाल्याला काय काय सुनावले, दवाखान्याचा माणूस कसा खूश झाला. "तुम्हाला खाली न्यायला हवं होतं. पुढच्या वेळी खुर्चीत बसवून नेऊ," ती म्हणाली. पायांवरची चादर वर ओढली. तरी ती उठली नाही. बसून राहिली.

आणि मोटर घुरघुरली. माझी भिंतीकडची कड वर चढू लागली. जसे रोज होई तसेच, सावकाश, कुठेही न ओढता, मी त्याला तिच्याकडे वळवले.

तिने त्याचे तोंड पाहिले. ती उठली आणि पहिल्यांदा तिने भिंतीतली माझी पिन उपटून काढली. मग तिने ताईला हाक मारली. ती हाक सगळ्या गोंगाटातून खाली पोचली.

त्यानंतर कित्येक आठवडे मी तशीच पडून होते, एक कड वर, एक कड खाली. दोघींचे आपसात बोलणे जवळजवळ संपले होते. एके दिवशी ताई पाना घेऊन आली आणि माझी मोटर सोडवू लागली. वहिनी दारात उभी राहिली.

"काय करताय?"

"काढते. सगळ्या खाटा परत मागवते. एकेकीची मोटर काढून टाकते."

"आणि त्या घरांतल्या बायकांनी काय करायचं?"

ताईचा हात थांबला.

"मोटर मी मागितली होती," वहिनी म्हणाली. "मी झोपले. त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. त्यांनाही झोप हवी आहे, ताई."

"मग त्याचं काय?" ताई ओरडली. "तो तिथे... आणि ही खाट त्याला वळवत राहिली!"

दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि तेव्हा पहिल्यांदा एकमेकींसमोर रडल्या. बऱ्याच वेळाने वहिनीने नाक पुसले आणि म्हणाली, "रात्री मोटर चालू द्या. दिवसा मात्र तिने एकटीने वळायचं नाही. आधी माणूस बोलवायचा. घंटा वाजेल, ती वाजतच राहील. कुणी येऊन कळ दाबली की मगच वळायचं."

"कळ पायाशी बसवते. तिथे तार सोपी जाईल."

"पायाशी नको. पायाशी असली तर माणूस दाबून निघून जाईल. उशीपाशी बसवा. वाकावं लागलं पाहिजे. तोंड दिसलं पाहिजे."

ताईने ती कळ बसवली, पहिली मला आणि मग प्रत्येक नव्या खाटेला. माझ्या मते त्या दोघींनी लावलेला तो सर्वांत मोठा शोध होता. आणि त्याच शोधाने त्यांचा धंदा बसला.

दुकानदार पुन्हा आला. त्याने सगळे ऐकून घेतले. त्याचेही डोळे भरून आले, पण तो म्हणाला, "गिऱ्हाईक विचारतं, दर वेळी उठूनच जायचं तर मोटर कशाला? मी त्यांना काय सांगू?" कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याने तोवर अगदी अशीच खाट काढली होती, उशीपाशी कळ नसलेली. लोक ती घेऊ लागले. ताईच्या खाटा भाड्यावरून परत येत तेव्हा त्यांच्या कळा चिकटपट्टीने दाबून ठेवलेल्या असत. कुणी काडी खुपसलेली असे, कुणी रबर गुंडाळलेले. वहिनी एकेक पट्टी नखाने सोलून काढी. रागावत नसे. "दमले असतील," एवढेच म्हणे. काही वर्षांत खाली पुन्हा नुसती शटरे बनू लागली. उरलेल्या खाटा एका वृद्धाश्रमाला देऊन टाकल्या. त्यांच्याबरोबर मीही इथे आले.

इथली खोली लांबलचक आहे. दोन्ही बाजूंना खाटा आणि मध्ये चालायला वाट. माझ्यावर एक आजोबा असतात. पूर्वी ते बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. आता त्यांना बोलता येत नाही, पण कुणी समोर उभे राहिले की ओठ तसेच आवळतात, फुंकर मारल्यासारखे. त्यांचा पुतण्या आधी दर रविवारी येई. मग त्याची बदली झाली. सगळ्या खोलीला मिळून एकच मावशी आहेत. सकाळी अंघोळी घालायच्या, औषधे द्यायची, चादरी बदलायच्या, भरवायचे. सगळे त्यांनाच. माझी घंटा वाजली की त्या धावत येत, कळ दाबत, आजोबांच्या गालाला हात लावत आणि धावत परत जात. मग एके दिवशी माझ्या कळीवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी बसली.

वहिनी अधूनमधून खाटांची दुरुस्ती करायला येते. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. ताईचे गुडघे गेले आहेत, ती कारखान्याबाहेर पडत नाही. मागच्या खेपेला वहिनीने ती पट्टी पाहिली आणि सवयीने नख लावले.

"काढू नका बाई," मावशी मागून म्हणाल्या. हातात दोन भांडी होती, ती खाली ठेवायलाही त्यांना सवड नव्हती. "मला काय आवडतं का असं? पण एकीशी वाकले की पलीकडची वाजते. पलीकडे गेले की तिसरी. मी एकटी कुणाकुणाचं तोंड बघू?"

वहिनीने नख मागे घेतले. मला वाटते, ह्या अडचणीला उत्तर शोधायचे तर ते पाना घेऊन सापडणार नाही, हे तिला तेव्हाच उमगले. ती स्टूल ओढून आजोबांजवळ बसली. दुपारभर बसली. मोटर सुरू झाली की ती वाकून बघे, आणि आजोबा ओठ आवळत. मग तिची परतायची वेळ झाली. जाताना तिने पट्टीचे सुटलेले टोक अंगठ्याने पुन्हा चिकटवले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठे होऊन माझ्याहून चांगली खाट बनवील. जरूर बनवा. रात्र रात्र जागणाऱ्या माणसांना झोप द्या, ते पुण्याचे काम आहे. पण तुमच्या घरात, शेजारात, किंवा अशा एखाद्या लांबलचक खोलीत कुणी पडून असेल, तर नवी खाट बनेपर्यंत थांबू नका. नुसते जाऊन उभे राहा. वाका, म्हणजे त्यांना तुमचे तोंड दिसेल.

आता आजोबांचे तोंड भिंतीकडे आहे. मावशी पलीकडच्या टोकाला कुणाला तरी भरवत आहेत. थोड्या वेळाने माझी मोटर घुरघुरेल, आणि मी आजोबांना सावकाश दाराकडे वळवीन. ते ओठ आवळतील. दारात कुणीतरी असावे.